अमेरिकेतील मशीद आणि इमाम : शेजाऱ्यांची एक ओळख



आपल्यापैकी बहुतेकांच्या गावात किंवा शेजारच्या गावात आता एखादी तरी मशीद आहे. ऑफिसला जाता-येता तिची पाटी दिसते, शुक्रवारी दुपारी तिथे गाड्यांची रांग लागते, मुलांच्या वर्गातला एखादा मित्र रमझानमध्ये दुपारचा डबा खात नाही हे घरी कळते. पण आत नेमके काय चालते, इमाम म्हणजे कोण, असे मुलांनी विचारले की आपली गाडी अडते. मुंबई, पुणे, मिरज, रत्नागिरीत आपण पहाटेची बांग ऐकत अभ्यास केला, पण मशिदीत पाऊल टाकायचा प्रसंग फारसा आला नाही. इकडे आल्यावर जे कानावर पडले ते बातम्यांतून, आणि तेही बहुतेक ११ सप्टेंबर २००१ नंतरचे.

म्हणून मशीद आणि इमाम ह्यांच्याविषयीची साधी, कामापुरती माहिती इथे एकत्र करत आहोत. आम्ही धर्मशास्त्राचे अभ्यासक नाही, इंजिनियरिंग करून आय.टी.त आलेली माणसे आहोत. त्यामुळे कोणता धर्म बरोबर ह्या वादात न शिरता, ही व्यवस्था चालते कशी एवढेच पाहू. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. मशिदीकडे देऊळ म्हणून आणि इमामाकडे पुजारी म्हणून पाहिले की निम्म्या गोष्टी चुकीच्या कळतात. मशीद उभी असते ती तिथल्या जमातीच्या, म्हणजे जमलेल्या सामान्य माणसांच्या बळावर. अमेरिकेत तर हे फारच ठळकपणे दिसते.

मशीद म्हणजे काय?

आपण ज्याला मशीद म्हणतो त्याचा मूळ अरबी शब्द मस्जिद. त्याचा अर्थ सजदा करायची, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवायची जागा. आत मूर्ती नसते, चित्र नसते, गाभारा नसतो. मक्केच्या दिशेच्या भिंतीत एक कमानदार कोनाडा असतो, तो मेहराब. त्याच्याशेजारी पायऱ्यांचे व्यासपीठ असते, ते मिंबर. बाहेर हातपाय आणि तोंड धुण्याची, म्हणजे वजूची सोय. घुमट आणि मिनार ही स्थापत्याची परंपरा आहे, धर्माची अट नाही. म्हणूनच अमेरिकेत जुन्या चर्चमध्ये, ऑफिसच्या गाळ्यात, स्ट्रिप मॉलमधल्या दुकानातही मशीद असू शकते.

दिवसाचे पाच नमाज म्हणजे फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा. त्यांच्या वेळा सूर्यावर ठरतात. पाचही नमाज घरी, ऑफिसात, विमानतळावर कुठेही पढता येतात. मशिदीत जमातीबरोबर पढण्याचे पुण्य जास्त मानतात. शुक्रवारची दुपारची नमाज, जुम्मा, मात्र जमातीनेच पढायची असते. पुरुषांना ती बंधनकारक आहे, स्त्रियांना ऐच्छिक. खांद्याला खांदा लावून रांगा करतात, त्यांना सफ म्हणतात. आधी येईल तो पुढे उभा राहतो, मग तो सर्जन असो की टॅक्सीचालक.

दिशेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मुंबईहून मक्का जवळजवळ पश्चिमेला, त्यामुळे आपल्याकडे नमाज पश्चिमेकडे तोंड करून होते. अमेरिकेतून नकाशा पाहिला तर मक्का आग्नेयेला वाटते, पण इथल्या बहुतेक मशिदींत रांगा ईशान्येकडे तोंड करतात. पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता सपाट नकाशावरच्या रेषेसारखा नसतो. न्यूअर्कहून मुंबईला निघालेले आपले विमान आधी ईशान्येकडे का जाते, त्याचेही कारण हेच!

मशीद आणि दर्गा

मराठी माणसाची इथे नेहमी गल्लत होते. हाजी अली, माहीमचे मखदूम अली माहिमी, कल्याणजवळचा हाजी मलंग, मिरजेचे ख्वाजा शमना मीरा ही दर्ग्यांची नावे आपल्या ओळखीची, कारण तिथे हिंदूही नवस बोलतात, चादर चढवतात. पण दर्गा म्हणजे संताची समाधी, आणि मशीद म्हणजे नमाजाची जागा. दर्ग्यावर मुजावर असतो, मशिदीत इमाम. समाधीजवळ प्रार्थना करणे अनेक मुसलमानांना मान्य नाही, अनेकांना ते प्राणप्रिय आहे. अमेरिकेत दर्गे अगदी विरळ. पेनसिल्व्हेनियात कोट्सव्हिलजवळ श्रीलंकेहून आलेले सूफी संत बावा मुहैयद्दीन (निधन १९८६) ह्यांची मजार आहे. तिथे सर्व धर्मांची माणसे जातात.

इमाम कोण असतो?

इमाम ह्या शब्दाचा साधा अर्थ पुढे उभा राहणारा. नमाजात तो सर्वांच्या पुढे, मक्केकडे तोंड करून उभा राहतो आणि बाकीचे त्याच्या मागे झुकतात, बसतात. सुन्नी परंपरेत त्याला दीक्षा नसते, जात नसते, घराणे लागत नाही. तो देव आणि माणूस ह्यांच्यामधला मध्यस्थही नाही. जमलेल्यांपैकी ज्याला कुराण चांगले पाठ आहे आणि नियम माहीत आहेत असा कोणीही समंजस पुरुष नमाज पढवू शकतो. दोन मित्रांनी ऑफिसच्या रिकाम्या खोलीत नमाज पढली, तर त्यातला एक त्या दहा मिनिटांपुरता इमामच असतो.

नेहमी कानावर येणारे काही शब्द असे:

- खतीब : शुक्रवारी मिंबरवरून खुतबा, म्हणजे प्रवचन देणारा. अनेकदा इमामच असतो, पण जमातीतला एखादा डॉक्टर किंवा प्रोफेसरही खुतबा देतो.
- मुअज्जिन : अजान देणारा. मराठीत आपण त्याला बांगी म्हणतो. इस्लामचे पहिले मुअज्जिन बिलाल हे गुलामगिरीतून सुटलेले आफ्रिकी वंशाचे होते, ही गोष्ट इथल्या आफ्रिकन-अमेरिकन मुसलमानांना फार जवळची वाटते.
- हाफिज : ज्याला संपूर्ण कुराण मुखोद्गत आहे तो. रमझानच्या रात्री तरावीहच्या नमाजात हाफिज रोज थोडे थोडे करून महिनाभरात सगळे कुराण म्हणतो. काही ठिकाणी हा हाफिज चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असतो!
- मौलवी, मौलाना : मदरशात रीतसर शिकलेला विद्वान.
- मुफ्ती : धर्मनियमांवर फतवा, म्हणजे मत देणारा. फतवा म्हणजे शिक्षेचा हुकूम नव्हे. उपवासात इंजेक्शन घेतले तर चालते का, ह्या प्रश्नाचे उत्तरही फतवाच असतो.
- काझी : मूळ अर्थ न्यायाधीश. आपल्याकडे निकाह लावणारा व त्याची नोंद ठेवणारा असा अर्थ रूढ झाला.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात मुलाण्याला बऱ्याच गावी बलुतेदारांत धरत. मशिदीची देखभाल, निकाह, बकरे हलाल करणे ही कामे त्याच्याकडे असत आणि ती बापाकडून मुलाकडे जात. अमेरिकेतला इमाम ह्याच्या अगदी उलट आहे. तो अर्ज करून, मुलाखत देऊन नेमला जातो, आणि जमातीचे पटले नाही तर त्याचा करार वाढवला जात नाही.

शिया, इस्माइली आणि बोहरा

वरचे वर्णन मुख्यतः सुन्नी मशिदींचे आहे. शिया परंपरेत इमाम शब्दाला फार मोठे वजन आहे. पैगंबरांच्या घराण्यातील बारा इमामांना ते धर्माचे अधिकारी नेते मानतात. रोजची नमाज पढवणाऱ्याला ते मौलाना किंवा पेशनमाज म्हणतात. मोहर्रमच्या दहा दिवसांत इमाम हुसैन ह्यांच्या करबलातील बलिदानाची आठवण म्हणून मजलिस भरतात. मिशिगनमधील डिअरबॉर्न येथील इस्लामिक सेंटर ऑफ अमेरिका हे शियांचे मोठे केंद्र आहे. त्याची सध्याची इमारत २००५ साली उघडली.

इस्माइली खोजा जमातखान्यात जमतात. त्यांचे हयात इमाम म्हणजे आगाखान. फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथ्या आगाखानांचे निधन झाल्यावर राजपुत्र रहीम पाचवे आगाखान झाले. जमातखान्याचे काम मुखी आणि कामडिया हे मानद कार्यकर्ते पाहतात. दाऊदी बोहरांचे दाई मुंबईत असतात. ते ठिकठिकाणी आमिल पाठवतात आणि आमिल नमाज पढवतो. म्हणजे टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या बोहरा मशिदीच्या कारभाराची दोरी थेट मुंबईशी बांधलेली आहे.

अमेरिकेत मशिदी आल्या कशा?

अमेरिकेत इस्लाम प्रथम आला तो गुलामांच्या जहाजांतून. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांत बरेच मुसलमान होते. नॉर्थ कॅरोलायनातील ओमर इब्न सैद ह्या गुलामाने १८३१ साली अरबीत लिहिलेले आत्मकथन आजही उपलब्ध आहे. पण गुलामांना मशीद बांधता येत नव्हती. धर्म टिकवायला एकत्र जमावे लागते, आणि तेच शक्य नसल्याने दोन-तीन पिढ्यांत तो बहुतेक विरून गेला.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले हे आपल्याला पाठ आहे. त्याच परिषदेत इस्लामच्या बाजूने अलेक्झांडर रसेल वेब हा गोरा अमेरिकन बोलला होता, हे थोड्यांना माहीत असते. वेब फिलिपिन्समध्ये अमेरिकेचा वकील होता. तिथून त्याचा मुंबईचे बद्रुद्दीन अब्दुल्ला कूर ह्यांच्याशी पत्रव्यवहार झाला, आणि १८९२ मध्ये तो मुंबईला येऊन गेला. त्याने पुढे न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या इस्लाम प्रचाराच्या संस्थेचा उगम असा मुंबईत सापडतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सीरिया-लेबनॉनकडचे फेरीवाले आणि शेतकरी मध्य अमेरिकेत स्थिरावले. नॉर्थ डकोटातील रॉस येथे त्यांनी १९२९ साली छोटी मशीद बांधली. आयोवातील सीडर रॅपिड्सची १९३४ ची मशीद अजून उभी आहे. मशीद म्हणूनच बांधलेल्या आणि टिकलेल्या अमेरिकेतील इमारतींत ती सर्वांत जुनी मानतात, म्हणून तिला मदर मॉस्क म्हणतात. लांबून पाहिले तर ती एखाद्या लहान शाळेसारखी दिसते. राजधानी वॉशिंग्टनमधील इस्लामिक सेंटरचे उद्घाटन २८ जून १९५७ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी केले. तिथेच १७ सप्टेंबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश गेले आणि मुसलमान शेजाऱ्यांना त्रास देऊ नका असे त्यांनी देशाला सांगितले.

दुसरा मोठा प्रवाह आफ्रिकन-अमेरिकनांचा. १९७५ साली एलिजा मुहम्मद वारले आणि त्यांचे पुत्र वारिथ दीन मुहम्मद ह्यांनी नेशन ऑफ इस्लामच्या अनुयायांना मुख्य सुन्नी प्रवाहाकडे वळवले. १९९१ मध्ये इमाम सिराज वहाज ह्यांनी अमेरिकन प्रतिनिधिगृहात प्रार्थना म्हटली. असा मान मिळालेले ते पहिले मुसलमान.

तिसरा प्रवाह आपल्याच विमानातून आला. १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांना दारे उघडली, आणि विद्यार्थी, डॉक्टर, इंजिनियर येऊ लागले. मुस्लिम विद्यार्थ्यांची संघटना १९६३ सालीच इलिनॉय विद्यापीठात स्थापन झाली होती. तिच्यातूनच पुढे १९८२ च्या सुमारास इस्ना ही देशव्यापी संस्था उभी राहिली. आपले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. शिकायला आलेली मुले इथेच राहिली, त्यांना मुले झाली, आणि आता ह्यांना आपले कसे शिकवायचे हा प्रश्न दोन्हीकडे एकाच वेळी आला!

देशव्यापी पाहणीनुसार २००० साली अमेरिकेत १,२०९ मशिदी होत्या, २०१० मध्ये २,१०६ आणि २०२० मध्ये २,७६९.

कारभार : ओळखीचे चित्र

अमेरिकेतील मशीद सहसा नफा न मिळवणारी नोंदणीकृत संस्था असते. तिची घटना असते, कार्यकारिणी असते, खजिनदार असतो, निवडणूक होते आणि भांडणेही होतात. नेहमीच्या खर्चाला सरकार पैसा देत नाही. व्याज निषिद्ध असल्याने अनेक जमाती बँकेचे कर्ज टाळतात. त्यामुळे आधी जमीन, मग तळमजला, मग छत असे पैसे जमतील तसे बांधकाम चालते. वर्षाला बचतीच्या अडीच टक्के जकात काढतात, पण ती मुख्यतः गरजूंसाठी असते. इमारतीसाठी वेगळी देणगी मागावी लागते, आणि रमझानच्या रात्री त्यासाठी आवाहने होतात. इमारत पुढे कोणी विकू नये म्हणून काही जमाती ती १९७३ साली स्थापन झालेल्या नॉर्थ अमेरिकन इस्लामिक ट्रस्टच्या नावावर करतात. आपल्याकडच्या वक्फाचीच ही इथली आवृत्ती.

शुक्रवार हा इथे कामाचा दिवस. जेवणाच्या सुट्टीत जुम्मा उरकावा लागतो, म्हणून मोठ्या मशिदींत दोन पाळ्या होतात. शनिवार-रविवारी मुलांचे वर्ग भरतात. आपल्या मराठी शाळेत मूळाक्षरे चालतात, तिथे अरबी अक्षरे. बाहेर गाडीत वाट पाहणारे आईबाप दोन्हीकडे सारखेच.

भारतात बऱ्याच मशिदींत स्त्रियांसाठी सोय नसते. इथे बहुतेक ठिकाणी असते, कुठे वेगळी खोली, कुठे मागच्या रांगा. ती जागा पुरेशी आहे का, कार्यकारिणीत स्त्रिया का नाहीत, ह्यावर चर्चा चालू असते. मार्च २००५ मध्ये अमीना वदूद ह्या प्राध्यापिकेने न्यूयॉर्कमध्ये स्त्री-पुरुषांची एकत्र नमाज पढवली तेव्हा जगभर वाद झाला. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला केवळ स्त्रियांची जुम्म्याची नमाज सुरू झाली.

इथल्या इमामाच्या अंगावर काय काय पडते?

देशात इमाम नमाज पढवतो, कुराण शिकवतो, निकाह आणि दफनाच्या वेळी येतो. इथे ह्याशिवाय तो नवराबायकोचे भांडण ऐकतो, कॉलेजातल्या मुलाच्या शंका ऐकतो, हॉस्पिटलात आणि तुरुंगात जातो, चर्च आणि सिनेगॉगच्या मंडळींबरोबर बसतो, आणि जगात कुठे काही घडले की टी.व्ही.च्या कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. लहान मशिदींत पूर्णवेळ इमाम परवडत नाही. तिथे दिवसा कोडिंग करणारा एखादा हाफिज संध्याकाळी नमाज पढवतो.

परदेशातून येणारे इमाम भारत-पाकिस्तानचे मदरसे, कैरोचे अल-अजहर किंवा मदिना विद्यापीठात शिकलेले असतात. ते आर-१ व्हिसावर येतात, आणि त्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. एच-१ वाल्यांना ही चिंता समजावून सांगायला नको! पण इथे वाढलेल्या मुलांना इंग्रजीत बोलणारा, इथली शाळा माहीत असलेला इमाम हवा असतो. म्हणून अमेरिकेतच शिक्षणाची सोय होऊ लागली. बर्कलीच्या जैतुना कॉलेजला २०१५ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

निकाहाला वराचा-वधूचा होकार, मेहेर आणि साक्षीदार लागतात. इमाम हवाच असे नाही, पण रीत म्हणून तो असतो. अमेरिकन कायद्याने विवाहाचा परवाना वेगळा काढावा लागतो. घटस्फोट तर कोर्टातूनच होतो, इमामाच्या शब्दाने कायद्याचा विवाह मोडत नाही.

मृत्यूच्या वेळी जमातीचे महत्त्व सर्वांत जास्त जाणवते. शक्य तितक्या लवकर, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत, दफन करायचे असते. आंघोळ घालणे, कफन गुंडाळणे आणि जनाजाची नमाज ही संपूर्ण समाजाची जबाबदारी मानतात. काहींनी ती पार पाडली तर सर्वांची सुटते, कोणीच पाडली नाही तर सर्व दोषी. म्हणून परक्या देशात एकटा वारलेल्या विद्यार्थ्यासाठीही अनोळखी माणसे काम सोडून येतात. बॉक्सर मुहम्मद अली ह्यांच्या जनाजाची नमाज ९ जून २०१६ रोजी लुइव्हिल येथे इमाम जैद शाकिर ह्यांनी पढवली, तेव्हा अमेरिकेने ती टी.व्ही.वर पाहिली.

ईद एकच, दिवस दोन?

इस्लामी वर्ष चांद्र आहे आणि त्यात आपल्यासारखा अधिक महिना नाही. त्यामुळे रमझान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. चंद्र डोळ्यांनी पाहायचा की गणिताने ठरवायचा ह्यावर मतभेद आहेत. २००६ मध्ये नॉर्थ अमेरिकेच्या फिकह कौन्सिलने गणित स्वीकारले. अनेक मशिदी अजून चंद्रदर्शनच मानतात. म्हणून एकाच गावात दोन मशिदींची ईद दोन दिवशी येऊ शकते. दाते पंचांग आणि टिळक पंचांगाचा वाद घरात ऐकलेल्यांना ह्यात नवल वाटू नये. ऑफिसातला सहकारी ईदची सुट्टी आदल्या रात्रीपर्यंत पक्की सांगत नसेल तर त्याचे कारण हे असते.

मशिदीची परवानगी आणि आपण

आता थोडा नाजूक विषय. गावात मशिदीचा अर्ज आला की प्लॅनिंग बोर्डाची सुनावणी होते, आणि ट्रॅफिक, पार्किंग, आवाज असे मुद्दे निघतात. त्यांतले काही खरे असतात. काही वेळा मात्र पार्किंगचे नुसते नाव असते. न्यू जर्सीत आपली वस्ती दाट आहे, म्हणून तिथलेच उदाहरण घेऊ.

बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये इस्लामिक सोसायटी ऑफ बास्किंग रिजने २०१२ मध्ये अर्ज केला. संस्थेचे प्रमुख मोहम्मद अली चौधरी २००४ साली त्याच गावाचे मेयर होते! तरीही ३९ सुनावण्या झाल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला गेला. गावाच्या नियमाप्रमाणे चर्चला तीन माणसांमागे एक पार्किंग लागे. १५० माणसांना ५० जागा, सरळ भागाकार. मशिदीकडे मात्र १०७ मागितल्या. मशीद म्हणजे चर्च नव्हे, असा युक्तिवाद होता. फेडरल न्यायाधीशांनी तो अमान्य केला. २०१७ मध्ये तडजोड झाली, आणि टाउनशिपच्या बाजूने साडेबत्तीस लाख डॉलर्स द्यायचे ठरले, शिवाय मशिदीला परवानगी.

ह्या खटल्याचा आधार होता २००० सालचा धार्मिक जमीन-वापर कायदा. धार्मिक वास्तूला इतरांपेक्षा वेगळा, कडक नियम लावता येत नाही असे तो म्हणतो. हाच कायदा आपल्या मंदिरांनाही लागू आहे. गणपतीच्या दहा दिवसांत आपल्या मंदिराबाहेर किती गाड्या लागतात ते आपण जाणतोच. तेव्हा शेजारी सहीसाठी कागद घेऊन आला तर आम्ही एवढेच सुचवू: तो नीट वाचा, आणि त्यात मशिदीच्या जागी मंदिर लिहून पुन्हा वाचा. आक्षेप तेव्हाही योग्य वाटला तर खुशाल सही करा.

मशिदीत जायचे असल्यास

अनेक मशिदी वर्षातून एकदा सर्वांसाठी खुला दिवस ठेवतात, रमझानमध्ये इफ्तारला शेजाऱ्यांना बोलावतात. मुलांना जरूर न्यावे. काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्या:

- आधी फोन करून वेळ विचारावी. शुक्रवारची दुपार गर्दीची असते.
- अंग झाकणारे सैल कपडे घालावे. स्त्रियांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. सलवार-कमीज उत्तम.
- देवळासारख्याच चपला बाहेर काढाव्या.
- नमाज चालू असताना पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नये. मागे शांत बसून पाहिले तर कोणी हरकत घेत नाही.
- परपुरुषाशी किंवा परस्त्रीशी हस्तांदोलन काही जण टाळतात. छातीवर हात ठेवून किंवा नमस्कार करून काम भागते.
- इफ्तारला काही न्यायचे असेल तर खजूर किंवा फळे न्यावी. घरची मिठाई नेली तर तिच्यात जिलेटिन किंवा दारूचा अर्क नाही हे पाहावे.
- प्रश्न विचारायला संकोच करू नये. इमामाला त्याची सवय असते!

आपल्या मंडळांतही कोकणातली मराठी बोलणारी मुसलमान कुटुंबे असतात. रत्नागिरी-रायगडकडची ही मंडळी गणपतीच्या कार्यक्रमाला येतात, दिवाळी फराळाची ताटे नेतात. पुढच्या ईदला त्यांच्या घरी, आणि त्यांच्याबरोबर मशिदीत, आपण सहकुटुंब गेलो तर वरच्या यादीतले निम्मे नियम लक्षातही ठेवावे लागणार नाहीत. ते स्वतःच मराठीत सांगतील.